खाली नाव वहिनीचं

दिवेलागणीला आमच्या घरात आई दोन कामं करायची. आधी देवापुढे निरांजन लावायची आणि मग पदराला हात पुसून आतल्या खोलीत जाऊन व्हिडिओच्या यंत्राचं एक बटण दाबायची. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून माझ्या दादाने त्या बटणावर कुंकवाचा ठिपका लावून दिला होता. तो पुसट झाला की आई स्वतःच्या कपाळाला लावून बोटावर उरलेलं कुंकू तिथे टेकवायची. तिने बटण दाबलं की आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांत, नारळीच्या बुंध्यांना बांधून नेलेल्या काळ्या वायरींतून, आमच्या केबलच्या बातम्या सुरू व्हायच्या. वाहिनीला बाबांनी चांगलं भारदस्त नाव दिलं होतं, पण ते दारावरच्या पाटीखेरीज कुठे चाललं नाही. सगळे 'आपली केबल' म्हणत. आणि त्या केबलवर बातम्या सांगायची माझी नीलिमा वहिनी. इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहितानासुद्धा पेन कागदावर जरा जोरातच टेकलं. असो.

आमचं गाव किहीम आणि मांडव्याच्या मधलं. बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागे थोडी भातशेती. छपरावर मोठी छत्री बसवून चार घरांना वायर जोडून द्यायची, एवढंच आधी बाबांच्या मनात होतं. मग शेजारचा म्हणाला आम्हालाही द्या, मग पलीकडच्या वाडीतला म्हणाला, आणि बघता बघता आमचं पुढचं दालन भाताच्या कणग्यांऐवजी डब्यांनी आणि वायरींनी भरलं. खाऱ्या वाऱ्याने जोड गंजायचे. पावसाळ्यात झावळी पडली की वायर तुटायची आणि अर्ध्या गावाचा सिनेमा बंद. मग बाबा डोक्यावर इरलं आणि खांद्यावर शिडी घेऊन निघायचे. घरात जेवायला बसलो की हमखास कोणीतरी दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, चित्रात मुंग्या येतात. आई भाकरी थापता थापता म्हणायची, साखर सांडली असेल. बाबांना हा विनोद कधी आवडला नाही.

बातम्यांच्या आधी केबलवर सूचना असायच्या, आणि सूचना वाचायची मी. हे कोणी विसरू नये म्हणून इथे नीट लिहून ठेवते. पडद्यावर समुद्राचं एक न हलणारं चित्र आणि मागून माझा आवाज. वारं सुटल्यामुळे मांडव्याच्या लाँच बंद आहेत, रेशन दुकानात तांदूळ आला आहे, अमक्याची काळी म्हैस सुटली आहे, दिसल्यास बांधून ठेवावी. मी कॉलेजला अलिबागला जात होते. एसटीत खिडकीशी बसून मनातल्या मनात वाक्यं घोळवायची. विहिरीवर धुणं धुताना 'ळ' आणि 'ण' घासूनपुसून घ्यायची. घरी आईशी बोलताना आमची आगरी, पण त्या काळ्या माइकपुढे बसलं की जीभ इस्त्री केल्यासारखी चालायची. बाजारात मी वाल मागितले की भाजीवाली मान वर करून म्हणायची, तू केबलवाली क गो? मला त्या दिवशी वाल थोडे जास्त मिळायचे. त्या काळात माझ्याइतकं सुखी कोणी नसेल.

मग कॅमेरा आला. बाबांच्या ओळखीचा एक लग्नाचं शूटिंग करणारा धंदा बंद करून मुंबईला चालला होता, त्याच्याकडून आला. दादा म्हणाला, आता नुसत्या सूचना नकोत, बातम्या करू, समोर माणूस बसवू. त्या रात्री जेवताना मी सुकटीच्या चटणीला हात लावला नाही, घसा बसू नये म्हणून. माणूस म्हणजे मीच, यात मला शंका नव्हती. बाबा शांतपणे म्हणाले, "वसू, आवाज दिलास तेवढा पुरे. तोंड कशाला?" मी आईकडे बघितलं. आई भाताचं पातेलं खरवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "उद्या पोरीला बघाला येतील, ते बोलतील, हिला त आमी रोजच बघताव."

दादा हसला. मलाही आता हसू येतं, पण तेव्हा घास तोंडात फिरत राहिला. लोक समजतात, घरच्या लेकीला मोकळीक आणि सुनेला बंधन. आमच्याकडे उलटं झालं. सुनेचं लग्न झालेलं, तिचं आता काय बिघडणार? ती बसली पडद्यावर तर घराचीच शोभा. लेकीचं मात्र तोंड शिलकीत ठेवायचं. नीलिमा वहिनी पेणची, लग्न होऊन वर्ष झालेलं नव्हतं, आणि तिने स्वतःहून काही मागितलंही नव्हतं. तिला खुर्चीत बसवलं आणि ती बसली. पहिल्या दिवशी नमस्कार म्हणताना तिने मान किंचित कलती केली, आणि ती कलती मान गावातल्या सगळ्या बायकांना एका संध्याकाळीत आवडून गेली.

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दुखतच राहिलं. वहिनी वाईट असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. ती सकाळी माझ्या आधी उठायची, माझे केस विंचरून द्यायची, माझ्यासाठी माहेराहून पेणचे पोह्याचे पापड आणायची. मी ते खायची आणि मनात म्हणायची, मीठ कमी आहे. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते मी स्वतःच्या जिभेवर अनुभवलं आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला आल्याचा चहा आणि खडीसाखर. तिचा आवाज घोगरा होऊ नये म्हणून घरात बोंबील भाजायचे नाहीत, मिरची परतायची नाही. मी दोन वर्षं घसा खरवडून म्हशी शोधून दिल्या, माझ्यासाठी कोणी साधं कोमट पाणी केलं नव्हतं. तिच्या पाठीमागे भिंतीवर निळं कापड हवं होतं, तर कॉलेजच्या कार्यक्रमासाठी घेतलेली माझी निळी साडी खिळ्यांना ताणून बांधली. माझं काम वायरी गुंडाळायचं, कोंबड्या हाकलायचं, आणि आसपासच्या वाड्यांची नावं तिला येत नसत ती सांगायचं. चुकीची सांगावीत अशी फार इच्छा व्हायची. सांगितली नाहीत, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे.

रेकॉर्डिंग असायचं भरदुपारी. तेव्हा वीज त्यातल्या त्यात टिकायची, शेजारची पोरं शाळेत असायची आणि घरातली जेवणं उरकून वहिनी मोकळी झालेली असायची. त्यामुळे कडक उन्हात घामाने डबडबलेली वहिनी शुभ संध्याकाळ म्हणायची, आणि संध्याकाळी जे घडायचं होतं ते दुपारीच घडून गेलेलं असायचं. सायंकाळी दत्तजयंतीचा पाळणा झाला, संध्याकाळी कबड्डीचं बक्षीस वाटप झालं. बक्षीस कोणाला, तेवढं सांगायचं नाही. दादा बातम्या लिहायचा आणि म्हणायचा, गावात दरवर्षी तेच होतं, आपण फक्त जरा आधी सांगतो. चित्रंही तशीच, गेल्या वर्षीची, काही तर कॅमेऱ्यासोबत आलेल्या जुन्या टेपांतली. पालखी तीच, भोई तेच, फारतर एखाद्याचा सदरा बदललेला. कोणाची तक्रार नव्हती. उलट लोक देवळातून घरी येऊन हातपाय धुवायचे आणि आपण आत्ताच केलेला उत्सव टीव्हीवर बघायचे. गेल्या वर्षीचा आहे हे त्यांनाही कळायचं, पण आपण दिसतो आहोत ना, मग झालं.

नारळी पौर्णिमेचं तसंच ठरलं. कोळीवाड्यातून सोन्याच्या कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत बंदरावर नेतात आणि सूर्य बुडायच्या आत समुद्राला देतात. आदल्या वर्षी, कॅमेरा नुकताच आला होता तेव्हा, दादाने ती मिरवणूक छान टिपली होती, आणि तिच्यावरचं बोलणं माझं होतं, कारण तेव्हा बातम्यांना अजून तोंड फुटलेलं नव्हतं. त्या दिवशी राखीपौर्णिमाही. मी सकाळी दादाला राखी बांधली, त्याने ओवाळणीचं ताट नीट बघितलंसुद्धा नाही, कारण रेकॉर्डिंग लवकर उरकून त्याला वहिनीला मोटरसायकलवर पेणला न्यायचं होतं, तिच्या भावाला राखी बांधायला. माझा भाऊ तिच्या भावासाठी घाईत. वहिनीने माझ्या निळ्या साडीपुढे बसून मान कलती करून सांगितलं, की कोळीवाड्याची नारळी पौर्णिमेची मिरवणूक आज सायंकाळी मोठ्या उत्साहात पार पडली. दादाने त्यापुढे गेल्या वर्षीचं चित्र जोडलं, दोघं निघून गेली. बाबा किहीमकडची तुटलेली वायर बघायला गेले. घरात आई आणि मी. पाऊस लागून राहिला होता, फोन सकाळपासून मुका होता, आणि आमचं घर शेताच्या अंगाला, कोळीवाड्यापासून गावाचं दुसरं टोक. आम्ही नारळीभाताला नारळ खवत बसलो.

त्याच दुपारी बंदरावर होडीला पताका बांधता बांधता बाळाराम कोसळला. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचणारा बाळाराम म्हणजे अख्ख्या गावाच्या ओळखीचा माणूस, आणि वय काही फार नव्हतं. अलिबागला नेत होते, वाटेतच गेला. हे आम्हाला कळलं नाही. मिरवणूक निघाली नाही. चार वडीलधाऱ्यांनी न वाजवता, न बोलता नारळ समुद्राला दिला आणि सगळे घरी गेले.

दिवेलागणीला आईने निरांजन लावलं आणि कुंकवाचं बटण दाबलं. मी खवणी बाजूला ठेवून समोर बसले. वहिनीचं वाक्य झालं, पुढे चित्र आलं आणि त्यावर माझा आवाज. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. तिच्या तोंडानंतर माझा आवाज आला आणि तो तिच्यापेक्षा चांगला होता, स्वच्छ, भरलेला, घाई नाही. मी उठून टीव्हीचा आवाज वाढवला. पडद्यावर ढोल वाजत होता आणि बाळाराम लाल टोपी घालून कमरेवर हात ठेवून नाचत होता, आणि मी त्याचं नाव घेऊन त्याचं कौतुक करत होते. तेवढ्यात दारात छत्री मिटल्याचा आवाज झाला. कोळीवाड्याचे पांडूकाका उभे होते, मागे दोन तरणे मुलगे. पांडूकाका म्हणजे तिथले जाणते, शब्द मोडत नसे कोणी त्यांचा. ते आत आले नाहीत. टीव्हीकडे बघत उंबऱ्यापाशीच उभे राहिले आणि आईला म्हणाले, "आक्का, आमचे घरान सुतक हाय, न् तुमचे टीव्हीवर बाळाराम नाचतंय."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. मागच्या मुलांपैकी एक बाळारामचा भाऊ होता, तो आमच्या जमिनीकडे बघत होता. ते म्हणाले, बाळारामची बायको टीव्ही लावलेल्या शेजारच्या घरापुढून चालली होती, तिने ढोल ऐकला आणि आत धावली. मी धावत जाऊन टेप थांबवली. छपरावरचा पाऊस तेवढा ऐकू यायला लागला. मग आईने माझ्या हाताला लागलेला नारळाचा चव स्वतःच्या पदराने पुसला, माझी ओढणी माझ्या डोक्यावर ओढली आणि म्हणाली, "बस तू खुर्चीन. आता कोन काय बोलल, त बोलूं दे."

ज्या खुर्चीसाठी मी वर्षभर झुरत होते तिच्यात मी अशी बसले. केसांना तेल, अंगावर धुवट पंजाबी ड्रेस. आरशासमोर केलेली सगळी तयारी कुठल्या कुठे. कॅमेऱ्याची वायर टेपच्या यंत्रातून काढून पुढच्या डब्याला लावली की तोंड थेट घरोघरी जातं, हे मला वायरी गुंडाळून गुंडाळून ठाऊक झालं होतं. दिवा लावला, वायर लावली आणि समोर बघितलं. कॅमेऱ्यामागे आई उभी, तिच्यामागे दारात पांडूकाका. मी नमस्कार म्हटलं आणि पुढचं सगळं शिकवलेलं विसरले. म्हणाले, "आत्ता दाखवलेली मिरवणूक गेल्या वर्षीची होती. आज मिरवणूक निघाली नाही. आज कोळीवाड्यात दुःख आहे. आम्ही न बघताच बोललो. ज्यांच्या घरात हे ऐकू गेलं त्यांची आम्ही हात जोडून माफी मागतो." हात जोडले. आणि मग थांबायचं कसं, ते मला ठाऊक नव्हतं. बटण बंद करायला कॅमेऱ्यामागे माणूस लागतो, आणि आईला फक्त कुंकवाचं बटण माहीत. मी हात जोडून तशीच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही पुसता येईना. शेवटी पांडूकाकांनीच मान हलवून मला उठ म्हणून खुणावलं, तेव्हा मी उठून वायर काढली. ते जाताना आईला म्हणाले, पोर बरी बोलली. नारळीभात त्या दिवशी कोणी खाल्ला नाही, दुसऱ्या दिवशी गुरांना घातला.

त्या रात्री मी अंथरुणावर पडून छपराकडे बघत होते. दुःख होतं, बाळारामचं खरंच दुःख होतं, पण त्याच्या शेजारीच दुसरं काहीतरी पडलं होतं, ऊबदार. माझं तोंड पाच गावांनी बघितलं होतं. उद्या बाजारात भाजीवाली मान वर करील आणि म्हणेल, ती तूच ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आणि वहिनी परत आली. वहिनी गोंधळलेली होती. वाटेत दोन ठिकाणी लोकांनी मोटरसायकल थांबवून तिला नमस्कार केला होता. म्हणे, वहिनी, माफी मागावी तर तुमच्यासारखी, काय तो पदर, काय ते गप्प बसणं, अख्खं घर रडलं आमचं. दादा आत गेला, बघून आला आणि कपाळाला हात लावून बसला. कॅमेऱ्याच्या आणि त्या पुढच्या डब्याच्या मध्ये नाव टाकायचं यंत्र होतं. पेणला जायच्या घाईत तो ते बंद करायला विसरला होता. मी हात जोडून बसले होते तेवढा सगळा वेळ माझ्या खाली पांढऱ्या अक्षरांत वहिनीचं नाव होतं, सौभाग्यवती लावून. आईला ते वाचता येत नव्हतं आणि मला दिसत नव्हतं. आमच्या गावाला माझं तोंड ओळखीचं, तिथे कोणाचा घोळ झाला नाही. पण पलीकडच्या गावांना बातम्यांतली बाई एकच ठाऊक होती, डोक्यावर ओढणी, मागे तीच निळी साडी, खाली तेच नाव.

वहिनी लगेच म्हणाली, आज बातम्यांत सांगून टाकते ती मी नव्हते. बाबांनी तिला थांबवलं. ते म्हणाले, झालं ते बरंच झालं. माफी पोचली आणि वसूचं तोंडही झाकलं गेलं. आईने बाबांकडे ज्या नजरेने बघितलं ती मी कधी विसरणार नाही. माझ्या बाजूने त्या घरात तेवढी एक नजर होती. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबस, अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत म्हैसही माझी, उठबसही माझी, फक्त दूध वहिनीच्या चुलीवर.

पुढच्याच उन्हाळ्यात मुरुडकडचं स्थळ आलं. माझ्या होणाऱ्या सासूबाई पोहे खात आईला सांगत होत्या, त्या राखीपौर्णिमेला त्या आमच्या शेजारच्या गावी भावाकडे आल्या होत्या आणि त्यांनी आमच्या सुनेला टीव्हीवर माफी मागताना बघितलं होतं, चित्रात मुंग्या होत्या तरी. म्हणाल्या, "जिथली सून अशी वागते, तिथली मुलगी डोळे मिटून करावी." मी समोर चहाचा ट्रे धरून उभी. वहिनी माझ्या बाजूला, तिने माझ्या कोपराला हळूच चिमटा काढला, आणि मी चहाचा कप त्यांच्यापुढे केला. सासूबाई शेवटपर्यंत आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायच्या, हिची वहिनी टीव्हीवर होती. चांगली बाई, माझ्यावर माया करायची. पण प्रत्येक वेळी माझ्या तळपायापासून जी आग निघायची तिची झळ त्यांना कधी लागली नाही, एवढा माझा संयम.

आता ती केबल नाही. घरोघरी छोट्या छत्र्या आल्या, मग त्याही गेल्या, आता ज्याच्या त्याच्या हातात फोन. बाबा गेले, आई गेली. आमच्या त्या दालनात दादाच्या मुलाने पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत. गेल्या महिन्यात त्याला माळ्यावर जुन्या कॅसेट सापडल्या. घरोघरी जाणारं चित्र नावासकट कुठलं यंत्र टिपून ठेवत होतं कोणाला ठाऊक, पण त्या संध्याकाळचं ते दृश्य एका कॅसेटवर होतं. त्याच्या मुलीने ते अलिबागहून नीट करून आणलं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, आमची आजी, तरुणपणी, किती गोड.

मी चष्मा लावून बघितलं. ओढणी, तेल लावलेले केस, गालावरून ओघळलेलं पाणी आणि खाली ते पांढरं नाव. आपलं वीस वर्षांचं तोंड असं दुसऱ्याच्या नावाखाली बघायला मिळणं, हे फार थोड्यांच्या नशिबी येत असेल. एकामागून एक सगळे आजीचं कौतुक करायला लागले, सुना, जावई, पुण्याची नातवंडं. मी थोडा वेळ फोन उशीखाली ठेवला. मग काढला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: ती मी आहे. खाली नाव चुकलंय.

निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं. आणि मग वर दिसायला लागलं, नीलिमा वहिनी लिहिते आहे. बराच वेळ लिहीत होती. शेवटी आलं: हो, ती आपली वसूच. त्या दिवशी मी खुर्चीत असते तर मला असं बोलता आलं नसतं. इतकी वर्षं तिचा मान मी वापरला.

माझ्या ओळीखाली कोणी काही टाकलं नाही. तिच्या ओळीखाली लाल बदामांची रांग लागली, आणि पुण्याच्या नातवाने लिहिलं, आजी, तुझं मन किती मोठं आहे.